आवाजाच्या बटणातली हळद

माझ्या स्वभावात माफी नाही. शाळेत दरवर्षी मी पोरांना क्षमेवरचा धडा शिकवते, फळ्यावर सुविचार लिहिते, आणि घरी येताना स्कूटीवर जुनी भांडणं उकरून काढून ती मनातल्या मनात पुन्हा जिंकत येते. आई म्हणायची, "नाग बारा वर्षं डूख धरतो, ही पोरगी तेरावं चालू करती." खोटं नाही ते. म्हणून आधीच सांगून ठेवते. घरात गाणं ऐकायचं आणि चित्र बघायचं सामान कसं घ्यावं, याबद्दल कळंबमध्ये आज लोक मला विचारायला येतात. त्यांना वाटतं, बाईंना लई हौस. हौस होतीच, पण हौसेनं माणूस इतकं शिकत नाही. मी शिकले ते सूड उगवायला.

मी जवळच्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. नवरा सरकारी कचेरीत कारकून. सासूबाई बहुतेक वेळ परांड्याला दिरांकडे असतात. माझं माहेर अणदूर. आमचा खंडोबा काही दिवस नळदुर्गाला राहायला जातो, ठरल्या दिवशी जातो आणि ठरल्या दिवशी परत येतो. मूर्ती एकच, दोन गावांत तसं ठरलेलं आहे आणि देव ते पाळतो. माणसांचं मला सांगू नका.

वडील शेतकरी. पण गावात कुणाकडे खंडोबाचं जागरण असलं, की वाघ्यांच्या मागं झील धरायला, म्हणजे पुढच्यानं सोडलेली ओळ मागून उचलायला, त्यांना बोलावणं यायचं. आवाज रुंद, थोडा खरबरीत. घरी तुणतुण्याची तार पिळताना ते मला समोर बसवायचे आणि विचारायचे, "चढली का उतरली?" मी डोळे मिटून सांगायची. मी चुकले तर ते पुन्हा तार छेडायचे. माझा कान तिथं तयार झाला. ते गेले तेव्हा मागं एक कॅसेट राहिली, कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली. मी ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मोबाइलवर ऐकली. मोबाइलवर माझ्या वडिलांचा आवाज डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा येत होता. म्हणून मला धड सामान घ्यायचं होतं. एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर, बस्स.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही बाजारातल्या दुकानात गेलो. पगार माझा, वस्तू माझी, हट्ट माझा. दुकानदारानं खुर्ची पुसून नवऱ्याला दिली.

"या साहेब, बसा. काय दाखवू?"

मी म्हणाले, "अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. खोली बारा बाय दहाची आहे."

तो नवऱ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, दोन कशाला? पाच स्पीकरचं होम थिएटर घ्या की. गल्ली हलंल."

"गल्ली नाही हलवायची. गाणं ऐकायचंय."

"वहिनी, तुमी तिकडं टीव्हीची कव्हरं बघा. झालरीची नवीन आल्यात."

मी झालरी बघितल्या नाहीत. तिथंच उभी राहिले आणि पेनड्राइव्ह पुढं केला. त्यानं नाखुशीनं लावला. "ह्ये काय वो वहिनी, तुणतुणं? ह्याला बेस न्हाय काय न्हाय," असं म्हणत त्यानं अर्ध्या मिनिटात बंदही केला आणि धडाम-धुडूम काहीतरी लावलं. पण अर्धं मिनिट मला पुरलं. कोपऱ्यातल्या साध्या काळ्या अँप्लिफायरमधून वडील दुकानात येऊन उभे राहिले होते. मी तोच घेतला.

आता जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. दुकानदार खंडोबाचा भक्त. गल्ल्याशेजारी भंडाऱ्याचा, म्हणजे देवाच्या हळदीचा, पितळी डबा कायम भरलेला. दसऱ्याचा मुहूर्त, गिऱ्हाइकांची गर्दी. त्यानं अँप्लिफायर खोक्यात घालायच्या आधी त्यावर झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला, डब्यात हात घातला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत मूठभर भंडारा उधळला. अँप्लिफायरच्या डोक्यावर गरम हवा जायला फटी असतात. भंडारा त्या फटींवर पडला. मी तेव्हा काय केलं? हात जोडले. माहेरचा देव आहे, तोंडातून आपसूक "जय मल्हार" निघालं. दुसऱ्या कुठल्या मुलखात यंत्राच्या फटींवर हळद ओतलेली बघून बाई ओरडली असती. मी डोळे मिटून नमस्कार केला.

बारा वाजता सामान घरी आलं आणि तासाभरात माझी अडचण आली. आमच्या घरात सासूबाईंची शिस्त आहे. चार दिवस देवघराला हात नाही, हळदीकुंकवाच्या करंड्याला नाही, लोणच्याच्या बरणीला नाही. सासूबाई परांड्याला असल्या तरी शिस्त कळंबलाच असते. मला पटत नाही, पण पाळते. एका वेळी किती भांडणं काढायची, याचा माझा हिशेब आहे. तर त्या दिवशी नव्या वस्तूला घरात बोटभर हळद लागली नाही. नवरा त्यावरून चिडला होता. "दसऱ्याच्या दिवशी नवी वस्तू घरात आली, तर तिला हळदीचं बोट न्हाय की कुंकू न्हाय. आजच यायचं व्हतं व्हय तुझं?" असं तो अगदी ह्याच शब्दांत म्हणाला. स्वतः उठून बोट लावायला त्याला कुणी अडवलं नव्हतं, पण देवाचं काम बायकोचं, अशी त्याची समजूत.

पाचव्या दिवशी आवाजाचं बटण फिरवलं की खर्र खर्र व्हायला लागलं. सातव्या दिवशी डावा स्पीकर मधेच गप्प बसू लागला. वडिलांचा आवाज चालता चालता उजव्या भिंतीकडे सरकायचा. आम्ही अँप्लिफायर उचलून दुकानात नेला.

दुकानदारानं वरचं झाकण उघडलं. आत पिवळं. बटणाच्या मुळाशी हळद जाऊन बसली होती.

"आता ह्याला कंपनी काय करंल वहिनी? तुमी घरी पूजा केली. बायकांना वाटतं, देवाला हळद चालती तर यंत्राला बी चालंल. वॉरंटीत बसत न्हाय ह्ये."

"हळद तुम्ही टाकलीत. इथं, याच टेबलावर."

"म्या? म्या तर खोक्याला फकस्त टिळा लावतो." पितळी डबा त्याच्या कोपराशी होता.

"आमच्या घरी पूजा झालीच नाही," मी म्हणाले.

"दसऱ्याला नव्या वस्तूची पूजा न्हाय? हिंदूच्या घरात? का बरं न्हाय झाली?"

दुकानात पाच-सहा पुरुष होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. का नाही झाली, याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते त्या दुकानात उच्चारता येत नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं कारण सांगायची गरजच नव्हती. 'ही खरं बोलतेय, आमच्या घरी त्या दिवशी पूजा झाली नाही,' एवढं एक वाक्य त्यानं बोलायचं होतं. पुरुषाच्या तोंडून आलं असतं तर त्याला 'का' असं कुणी विचारलं नसतं. आमची नजरानजर झाली. त्याला सगळं आठवत होतं, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग तो दुकानदाराकडे वळून हसला आणि म्हणाला, "केली असंल हिनं. बायकांचं काय सांगावं."

सगळे हसले. मी अँप्लिफायर उचलला. चांगला जड होता, पण कुणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर मी त्याला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी दुकानदाराशी वाईटपणा कशाला? रोज तोंड बघायचंय त्याचं."

माझं तोंडही त्याला रोजच बघायचं होतं. ते त्याच्या लक्षात आलं नाही. मी त्याला समोर 'तुम्ही' म्हणते, तीच रीत आहे आमच्यात. इथं कागदावर 'तो' म्हणतेय, आणि त्यातही मला गोडी वाटतेय.

त्याच आठवड्यात मी अँप्लिफायर स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला. स्क्रू वाटीत, झाकण ताटात. मोबाइलवर बघून बघून समजून घेतलं, की आवाजाच्या बटणाच्या आत एक काळी पट्टी असते, बटण फिरवलं की तिच्यावरून एक पातळ पत्रा घासत जातो, आणि त्या दोघांत धूळ बसली की खरखर होते. साफ करायचा फवारा मागवला. मऊ ब्रशनं हळद झाडली, फवारा मारला, बटण पन्नास वेळा इकडून तिकडे फिरवलं. निघालेली हळद कागदाच्या पुडीत बांधून ठेवली. लावून बघितलं तर आवाज स्वच्छ. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधे, जिथं कुणी नव्हतं तिथं, वडील. आणि दोन कडव्यांच्या मधे ते आईला म्हणतात, "पाणी दे गं," हे मला मोबाइलवर कधीच ऐकू आलं नव्हतं. मी खाली बसून रडले. मग उठले आणि ठरवलं, या दुकानदाराचं दुकान शहाणं करून सोडायचं.

वर्षभर वाचत राहिले. जे शिकले ते विचारेल त्याला, आणि न विचारेल त्यालाही, सांगत सुटले. आधी शाळेतल्या बाईंना, मग गल्लीत, मग बँकेच्या रांगेत. माझं म्हणणं अगदी साधं आहे. दुकानात जाताना आपलं गाणं आपण न्यावं, आणि ते माणसाच्या आवाजाचं असावं. ढोल कुठल्याही खोक्यात बरा वाजतो. माणसाचा आवाज खोटा वाजला तर अडाण्यालाही कळतो, कारण तो आपण जन्मल्यापासून ऐकत आलोय. गाणं आधी हळू आवाजात ऐकावं. हळू आवाजात ज्याचे शब्द कळत नाहीत, ते मोठं केल्यावर नुसतं ओरडतं. दुकानदार बटण पुढं ढकलतोच, त्याचा हात धरावा. अगदी धरावा, लाजू नये. खोक्यावर हजारांत लिहिलेला वॅटचा आकडा वाचून भुलू नये. तो क्षणभरच्या जोराचा असतो, म्हणजे बैल बिथरून एकदा उधळला त्याचा. दिवसभर नांगराला किती चालेल तो आकडा वेगळा, त्याला आरएमएस म्हणतात, तो विचारावा. विचारल्यावर दुकानदार नवऱ्याकडे बघू लागला तर समजावं, त्याला माहीत नाही.

टीव्हीचंही तेच. दुकानात सगळे टीव्ही भडक करून ठेवलेले असतात, लग्नातल्या करवलीसारखे. रिमोट हातात घेऊन साधा रंग लावायला सांगावा आणि माणसाचा चेहरा बघावा. चेहरा बटाट्यासारखा पिवळा किंवा गाजरासारखा लाल दिसला तर पुढं चालावं. समोरून बघून झालं की बाजूला जाऊन बघावं, कारण घरात सगळे काही समोर बसत नाहीत, भाजी निवडणारी बाई कोपऱ्यात असते. आणि घरातून निघताना पलंगापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून न्यावं. टेप नसेल तर लुगड्यानं मोजावं. इंच दुकानात ठरवणारा माणूस घरी येऊन मान वर करून बघत बसतो. स्पीकर शोकेसमध्ये बाहुलीशेजारी कोंबू नयेत, भिंतीपासून वीतभर पुढं आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवावेत. वरून विणलेला रुमाल घालू नये. यावर माझी सासूबाईंशी दोनदा जुंपली आहे, आणि दोन्ही वेळा रुमाल मी काढला.

ही हौस म्हणा की विष म्हणा, हळूहळू पसरली. माणसं दुकानात जायच्या आधी माझ्याकडे यायची. दुकानदार सांगायचा एक आणि गिऱ्हाईक विचारायचं दुसरंच. कुणी लातूरला जाऊन घ्यायला लागलं. मला कळत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. इतकं, की त्या दिवसांत भाकरीसुद्धा गोल व्हायची. पण एवढ्यावर माझं पोट भरलं नव्हतं. दुकानात पाच-सहा माणसं हसली होती, त्या हसण्याची भरपाई नव्हती झाली.

पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं. हळदीकुंकवाला बायका वाण देतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकीला एखादी लहानशी वस्तू. प्लास्टिकचा डबा, चहाची गाळणी, कंगवा. मी तिळगुळाबरोबर एकेक कार्ड दिलं. वर्गातल्या तक्त्यांसारखं प्लास्टिकमध्ये बांधून घेतलेलं, पर्समध्ये मावेल एवढं. त्यावर दुकानात विचारायचे सात प्रश्न, मोठ्या अक्षरांत. सगळ्या बायकांनी कार्ड उलटंपालटं केलं.

"बाई, वाणातबी प्रश्नपत्रिका?" एकजण म्हणाली, आणि हशा पिकला.

मी दुकानदाराच्या बायकोलाही बोलावलं होतं. मागच्याच गल्लीत राहते. सवाष्णीला हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं की ती येते, घरात काहीही वाद असोत. ती आली, बसली, कपाळाला हळदीकुंकू लावून घेतलं, कार्ड वाचलं. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथं प्रश्न नव्हता, सूचना होती. 'दुकानात यंत्रावर भंडारा टाकू देऊ नये. नमस्कार घरी करावा.'

"ह्ये का वो बाई?" तिनं विचारलं. मुद्दाम नाही, खरंच माहीत नव्हतं तिला.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. मूठ, फटी, "म्या तर फकस्त टिळा लावतो", "का बरं न्हाय झाली पूजा", आणि ओघात नवऱ्याचं "केली असंल हिनं"सुद्धा. इथं दुकानातले पुरुष नव्हते. मी सरळ म्हणाले, "त्या दिवशी मला चालत नव्हतं. करंड्याला हात लावला नव्हता मी. हळद येईल कुठून?" एका क्षणात पंधरा बायकांना सगळं कळलं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. एकजण तोंडाला पदर लावून हसली, दुसरी म्हणाली, "बया! आणि त्यानं चारचौघांत इचारलं?" कपाटातली पुडी काढून मी ती हळदही दाखवली. मी दुकानदाराच्या बायकोकडे बघत होते. वर्षभर याच घटकेची वाट बघितली होती मी. तिचा चेहरा उतरावा, तिनं मान खाली घालावी, घरी जाऊन नवऱ्याला धारेवर धरावं.

तिनं मान खाली घातली नाही. कार्ड पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली आणि विचारलं, "साहेबांना ठाव व्हतं का, तुमाला अडचण व्हती ते?"

"होतं."

"आमचं माणूस खोटं बोललं. धंदा हाय, बोलतंय. आज जाऊन इचारते त्याला. पण तुमचं कशापायी बोललं?"

पंधरा बायका बसल्या होत्या आणि एकीलाही हसू आलं नाही. मी उठून चहा टाकायला आत गेले. माझ्या सुडाचं तोंड मी भलतीकडेच करून ठेवलं होतं, हे मला माझ्या शत्रूच्या बायकोनं माझ्याच घरात सांगितलं. राग तिचा यायला हवा होता. आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार घरी आला. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला आणि या वेळी नवऱ्याकडे न बघता माझ्याशी बोलला. "चुकलं वहिनी. भंडारा म्याच टाकला व्हता. माल परत घ्यायला लागंल म्हणून भ्यालो आन् तुमच्यावर ढकललं. नवीन देतो बदलून."

"नको. मी दुरुस्त केलाय."

"मग काय करू सांगा."

"भंडाऱ्याचा डबा देवापाशी ठेवा. आणि बाई दुकानात आली तर बाईशी बोला."

"बोलतो," तो म्हणाला. बोलतोही. आता बाई आत आली की खुर्ची आधी तिला पुसून देतो. कार्डातले प्रश्न त्यानं पाठ केलेत, गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी उत्तरं देतो. मी त्याच्यापुरतं मिटवलं. मला अजून आश्चर्य वाटतं, पण मिटवलं.

तो दारात उभा राहून माझी माफी मागत होता तेव्हा नवरा मागं पेपर वाचत बसला होता. दुकानदार गेल्यावर तो हसून म्हणाला, "झालं ना आता समाधान? जिरवलीस त्याची." जणू आम्ही दोघं एका बाजूला होतो.

त्यानंतर त्यानं मोठा टीव्ही आणला. मला न विचारता, क्रिकेटसाठी. दुकानदारानं म्हणे विचारलं होतं, "साहेब, वहिनींना दाखवलं का?" त्याला ते झोंबलं असावं. चित्र चांगलं आहे, मी नाव ठेवणार नाही. पण हे टीव्ही जितके पातळ तितका त्यांचा आवाज पातळ. स्पीकर पाठीमागं असतात आणि भिंतीशी बोलतात. समालोचन करणारा घशात खडीसाखर अडकल्यासारखा बोलतो, प्रेक्षकांचा ओरडा म्हणजे कुणी कढईत मोहरी टाकली. शेजारी माझा अँप्लिफायर आणि दोन स्पीकर उभे आहेत. टीव्हीच्या पाठीतून अँप्लिफायरच्या पाठीत एक वायर गेली की अख्खं मैदान खोलीत येईल. कोणती वायर, ते मला माहीत आहे. ती माझ्याकडे आहे, कपाटात, साड्यांच्या घडीखाली.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, "एक वाक्य बोला. घरी पूजा झाली नव्हती हे मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. एवढं म्हणा, लगेच जोडते."

"काय पोरखेळ लावलाय," तो म्हणाला आणि दुकानात गेला. दुकानदारानं त्याला सांगितलं, "साहेब, मागं बरीच भोकं असत्यात. त्यातलं वहिनींनाच कळतंय." आणि दुकानात चौघं हसले, असं दुकानदाराच्या बायकोनं मला भाजीबाजारात सांगितलं. ते ऐकून मी दोन जुड्या मेथी जास्त घेतली.

अख्ख्या कळंबला मी फुकट सल्ला देते. कुणाचं काय बिघडलं, कुठं काय लावायचं, फोनवर सांगते. माझा नवरा तेवढा पातळ आवाजात मॅच बघतो.

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी मोठी मॅच होती. कचेरीतले चार-पाच जण आमच्याकडे बघायला आले. मी भजी तळत होते. मॅच रंगात आली तसा एकजण म्हणाला, "साहेब, टीव्ही एवढा मोठा, आवाज का असा? हे बाजूचे स्पीकर जोडा की." बाकीचेही म्हणाले, "जोडा, जोडा. मजा येईल."

मी गॅस बारीक केला, कपाटातून वायर काढली आणि दारात येऊन उभी राहिले. वायर हातात, सगळ्यांना दिसेल अशी. नवऱ्यानं बघितलं. खोलीत पाच पुरुष होते, दुकानात होते जवळजवळ तितकेच. मला त्यांच्यासमोर त्याला मान खाली घालायला लावायची नव्हती. खरंच नव्हती. त्यानं पूर्ण वाक्यही बोलायची गरज नव्हती. तो उठून माझ्यापर्यंत आला असता आणि हळूच नुसतं "ठाऊक होतं गं" म्हणाला असता, तरी मी जोडून दिली असती. मला ते हवं होतं. सुडापेक्षाही मला तेच हवं होतं, हे मला त्या दारात, तेलकट हातांनी उभी असताना कळलं.

"वहिनींकडं हाय की वायर!" एकजण म्हणाला.

आमची नजरानजर झाली. त्याच्या डोळ्यांत मला पुन्हा दिसलं, त्याला सगळं आठवत होतं. मग तो मित्रांकडे वळला आणि हसला.

"राहू द्या," तो म्हणाला. "आमाला असाच आवाज आवडतो."

मी वायर परत ठेवली आणि भजी काढली. पुरली सगळ्यांना.